सिसप्लॅटिनपेक्षा प्रभावी दिसलेली सहा संयुगे : एका फेरतपासणीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

रसायनशास्त्रातील एका संशोधन गटाने सुमारे दीड वर्षात रोडानीन या गंधक आणि नायट्रोजन असलेल्या पंचकोनी वलयापासून २२ संयुगे तयार केली. रोडानीन आणि एखादे अ‍ॅरोमॅटिक अल्डिहाइड असेटिक अ‍ॅसिडमध्ये सोडियम असेटेटसह तापवले की बेन्झिलिडीन रोडानीन मिळते. विक्रिया एकाच पायरीची आहे, उतारा चांगला येतो आणि पिवळे ते नारिंगी स्फटिक सहज पडतात. अल्डिहाइड बदलत गेले की नवनवी संयुगे हाती येतात, त्यामुळे जैवचाचण्यांसाठी संयुगांचा संच उभा करायचा असेल तर हा मार्ग अनेकांना जवळचा वाटतो. या लेखात गटाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत आणि संयुगांना दिलेले क्रमांक मूळचे नाहीत.

गटाने दोन प्रकारच्या चाचण्या केल्या होत्या. स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि ई. कोलाय या जिवाणूंवर अगारमध्ये भोके पाडून त्यांत संयुगाचे द्रावण भरले आणि भोवती वाढ थांबलेल्या वर्तुळाचा, म्हणजे झोनचा, व्यास मोजला. एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशींवर पेशींची जिवंतता मोजणारी ४८ तासांची एमटीटी चाचणी केली आणि तुलनेसाठी सिसप्लॅटिन हे कर्करोगावरचे प्रमाण औषध घेतले. नऊ संयुगांनी जिवाणूंवर झोन दाखवला. सहा संयुगांची आयसी-५०, म्हणजे पेशींची जिवंतता निम्म्यावर आणणारी संहती, १२ ते ४० मायक्रोमोलर आली, तर सिसप्लॅटिनची ११० मायक्रोमोलरच्या वर गेली. शोधनिबंधाचा मसुदा तयार होता आणि त्याच्या शीर्षकातच ही संयुगे सूक्ष्मजीवरोधी व कर्करोगविरोधी अशी दुहेरी क्रिया करतात, असा दावा होता.

आमच्या जैवचाचणी गटाकडे हे काम आले ते फक्त आणखी दोन सेल लाइनवर, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशींच्या वाणांवर, तीच चाचणी करून देण्यासाठी. प्लेट लावण्यापूर्वी मसुदा वाचून घ्यावा म्हणून मी तो मागवला, आणि पुढचे सारे त्या वाचनातून सुरू झाले.

अडचण कोठे दिसली

संयुगांच्या आकड्यांपेक्षा आधी माझी नजर सिसप्लॅटिनच्या आकड्यावर थांबली. एमसीएफ-७ पेशींवर सिसप्लॅटिनची आयसी-५० प्रयोगशाळेनुसार आणि चाचणीच्या अवधीनुसार बरीच बदलते हे खरे, पण ४८ तासांनंतरही ती ११० मायक्रोमोलरच्या वर राहावी हे पटणारे नव्हते. प्रमाण औषध एवढे दुबळे दिसत असेल, तर त्याच्याशी केलेली प्रत्येक तुलना संयुगांच्या बाजूने झुकणार हे उघड होते. नोंदवही पाहिली तेव्हा कारण सापडले: सिसप्लॅटिनचे स्टॉक द्रावण डीएमएसओ या सेंद्रिय द्रावकात केलेले होते आणि तीन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवून वापरलेले होते.

डीएमएसओच्या रेणूतील गंधक प्लॅटिनमशी बंध जोडतो, सिसप्लॅटिनमधील क्लोराइड बाजूला सारतो आणि मूळ रेणूच बदलून टाकतो. त्यामुळे औषधाची पेशींवरील क्रिया मोठ्या प्रमाणात नाहीशी होते. सिसप्लॅटिन ०.९ टक्के सोडियम क्लोराइडच्या द्रावणात विरघळवतात, कारण तेथे क्लोराइड मुबलक असल्याने रेणू टिकून राहतो. मी हे विचारले तेव्हा संशोधक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, द्रावकाचा फरक पडू नये म्हणून सगळ्यांना एकच ठेवला होता." तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. चाचणी आणि कंट्रोल यांचा द्रावक सारखा हवा, हा नियम आपणच शिकवतो. तिने तो निष्ठेने पाळला, आणि ज्या एका औषधाच्या बाबतीत त्याला अपवाद करायला हवा होता, तेथे तो अंगलट आला. या चुकीचा दोष तिच्यावर टाकणे मला आजही अन्यायाचे वाटते.

दुसरी गोष्ट तक्त्यांच्या मांडणीत लपली होती. जिवाणूंविरुद्धची किमान रोधक संहती, जिला प्रयोगशाळेत सारे एमआयसीच म्हणतात, गटाने चार संयुगांसाठी काढलेली होती आणि ती मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये दिली होती. पेशींवरचे आकडे मात्र मायक्रोमोलरमध्ये होते. दोन तक्ते दोन वेगळ्या पानांवर असल्याने कोणी ते शेजारी ठेवून पाहिले नव्हते. एका संयुगाची एमआयसी ६४ मायक्रोग्रॅम होती आणि रेणुभार सुमारे ३००, म्हणजे ती संहती सुमारे २१३ मायक्रोमोलर झाली. त्याच संयुगाची मानवी पेशींवरील आयसी-५० १८ मायक्रोमोलर होती. जिवाणूची वाढ थांबवायला जेवढे संयुग लागते, त्याच्या सुमारे बाराव्या हिश्श्यातच ते माणसाच्या पेशींना बाधते, असा याचा अर्थ होतो. मसुद्यात ज्याला दुहेरी क्रिया म्हटले होते, ती एकाच विषारीपणाची दोन ठिकाणी झालेली नोंद असू शकत होती.

येथे थोडे थांबून सांगावेसे वाटते, की जिवाणू आणि कर्करोग या दोन विषयांचे नाते ओढूनताणून आणलेले नाही. सिसप्लॅटिनचाच इतिहास पाहावा. विद्युतप्रवाहाचा जिवाणूंवर काय परिणाम होतो हे तपासताना बार्नेट रोझेनबर्ग यांना ई. कोलायचे जिवाणू विभाजन न होता लांबच लांब तंतूंसारखे वाढलेले दिसले. कारण वीज नव्हती, तर इलेक्ट्रोडमधून सुटलेल्या प्लॅटिनमची संयुगे होती. हे निरीक्षण १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९७८ मध्ये अमेरिकेत सिसप्लॅटिनला औषध म्हणून मान्यता मिळाली. डॉक्सोरुबिसिन आणि ब्लिओमायसिन हीसुद्धा स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंपासून मिळालेली आहेत. तेव्हा दुहेरी क्रिया अशक्य नाही. पण एखादे संयुग जिवाणूलाही रोखते आणि कर्कपेशीलाही मारते असे दिसले, की त्याने निरोगी पेशीला सोडले का, हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा, आणि मसुद्यात त्याचे उत्तर देणारी एकही निरोगी पेशी नव्हती.

समोर असलेले पर्याय

गटाच्या मार्गदर्शक, ती विद्यार्थिनी आणि आम्ही दोघे असे बसलो तेव्हा चार मार्ग पुढे आले.

पहिला मार्ग भाषा सौम्य करण्याचा होता. 'सिसप्लॅटिनपेक्षा प्रभावी' हे शब्द काढायचे, बाकी आकडे तसेच ठेवायचे आणि निबंध पाठवायचा. प्रबंध सादर करण्याची मुदत जवळ असल्याने हा मार्ग मोहात पाडणारा होता. मला तो मान्य नव्हता, कारण कंट्रोल बिघडला आहे हे ठाऊक झाल्यावर त्याच प्लेटवरचे उरलेले आकडे खरे मानायला आधार राहत नाही.

दुसरा मार्ग अगदी उलट टोकाचा होता आणि तो माझ्याच सहकाऱ्याने सुचवला. जोनाथन बेल आणि जॉर्जिना हॉलोवे यांनी २०१० मध्ये अशा रासायनिक रचनांची यादी प्रसिद्ध केली, ज्या जवळपास कोणत्याही चाचणीत फसवे यश दाखवतात. 'पेन्स' या नावाने ती ओळखली जाते आणि रोडानीनचे हे कुटुंब तिच्यात आहे. बेन्झिलिडीन रोडानीनमधील दुहेरी बंध प्रथिनांमधील गंधकाशी जोडला जाऊ शकतो, संयुगे रंगीत असतात आणि पाण्यात गोळा होतात. म्हणून सगळा संच सोडून द्यावा, असे त्याचे म्हणणे होते. परंतु एपालरेस्टॅट हे मधुमेहातील मज्जातंतूंच्या विकारावरचे औषध रोडानीनचेच आहे आणि जपानमध्ये १९९२ पासून वापरात आहे. अशी यादी कसून तपासणी करायला सांगते. तपासणीच्या जागी तीच निकाल म्हणून वापरणे मला घाईचे वाटले.

तिसरा मार्ग सर्व २२ संयुगांची सगळ्या चाचण्यांसह पुनरावृत्ती करण्याचा होता, पण प्रत्येक संयुग जेमतेम १५ ते २० मिलिग्रॅम शिल्लक होते. चौथा मार्ग, जो आम्ही अखेर स्वीकारला, तो असा: शुद्धता, विद्राव्यता आणि एमआयसी या तीन गोष्टी सर्व २२ संयुगांच्या तपासायच्या, आणि त्यांतून निवडलेल्या सहा संयुगांवरच पेशींच्या चाचण्या नव्याने करायच्या. निवड करताना पूर्वीची यशस्वी सहा तशीच घ्यायची नाहीत, पूर्वी निष्क्रिय ठरलेले निदान एक संयुग त्यात असावे, असा आग्रह मार्गदर्शकांनी धरला. तो आग्रह नसता तर पुढची सर्वांत शिकवणारी गोष्ट आमच्या हातून निसटली असती.

काय केले

शुद्धता एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणावर, पाहिली. औषधरसायनशास्त्रातील नियतकालिके जैवचाचणीला दिलेल्या संयुगाची शुद्धता निदान ९५ टक्के असावी अशी अपेक्षा ठेवतात. चार संयुगे त्या खाली होती. त्यांपैकी क्रमांक १७ हे ई. कोलायवर सर्वांत मोठा झोन देणारे संयुग होते आणि ते नायट्रोफ्युरान अल्डिहाइडपासून बनलेले होते. नायट्रोफ्युरान हा गट स्वतःच जिवाणूरोधी आहे, नायट्रोफ्युरँटोइन हे औषध त्याच कुळातले. नमुन्यात विक्रिया न झालेले अल्डिहाइड उरलेले होते. संयुग पुन्हा स्फटिकरूपात शुद्ध केल्यावर एमआयसी चौपट वाढली, आणि ते अल्डिहाइड एकटे तपासले तेव्हा ते शुद्ध संयुगापेक्षा अधिक प्रभावी निघाले. एमआयसीच्या चाचणीत एका पायरीचा, म्हणजे दुपटीचा, फरक नेहमीचाच मानतात, दोन पायऱ्यांचा फरक मात्र दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता. टीएलसी या घटक वेगळे करण्याच्या ढोबळ पद्धतीत एकच ठिपका दिसला म्हणून या नमुन्याला शुद्ध मानले गेले होते.

एमआयसी ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन पद्धतीने काढली: म्युलर-हिंटन ब्रॉथ, प्रत्येक मिलिलिटरमागे सुमारे ५ लाख जिवाणू, ३५ अंश सेल्सिअस आणि १६ ते २० तास. येथे झोनच्या क्रमवारीची उलटापालट झाली. अगारमध्ये झोन किती मोठा पडेल हे संयुगाच्या ताकदीइतकेच ते अगारमधून किती लांब पसरते यावरही अवलंबून असते. लहान आणि पाण्याशी सख्य असलेली संयुगे दूर पसरली होती म्हणून वर होती. बायफेनिल गट आणि कार्बोक्झिलिक आम्ल असलेले क्रमांक ७ हे संयुग झोनच्या यादीत तळाशी होते, तर ब्रॉथमध्ये स्टॅफिलोकोकसवर ४ मायक्रोग्रॅमला ते सर्वांत पुढे आले. प्लेटवरच्या काही वेलमध्ये, म्हणजे छोट्या खळग्यांमध्ये, संयुगाचा साका बसल्याने गढूळपणा जिवाणूंचा की संयुगाचा हे डोळ्यांना कळत नव्हते. तेथे रिझाझुरीन घातले, जे जिवंत जिवाणू असले तर निळ्याचे गुलाबी होते, आणि जिवाणू नसलेल्या वेलमध्ये संयुग स्वतः हा रंग बदलत नाही ना, हेही पाहिले.

सिसप्लॅटिन त्याच दिवशी सलाइनमध्ये तयार करून वापरले आणि त्याची आयसी-५० एकदम खाली, १८ मायक्रोमोलरवर आली. पहिल्याच प्लेटने मसुद्यातील तुलना संपवली.

पेशींच्या चाचणीत आम्ही दोन पद्धती समांतर चालवल्या. एमटीटी ही टिमोथी मॉसमन यांनी १९८३ मध्ये मांडलेली पद्धत आहे. जिवंत पेशी पिवळ्या क्षारापासून जांभळे फॉर्माझान बनवतात आणि ते ५७० नॅनोमीटरवर मोजतात. दुसरी सल्फोरोडामीन-बी पद्धत प्रथिनांना चिकटणाऱ्या रंगावर चालते, पेशींच्या चयापचयाशी तिचा थेट संबंध नाही. दोन्ही पद्धतींचे उत्तर जुळले तर विश्वास वाढतो, न जुळले तर काहीतरी शोधायचे आहे हे कळते.

क्रमांक १२ वर ती जुळली नाहीत. पूर्वी निष्क्रिय म्हणून बाजूला ठेवलेले हे संयुग, ज्यात शेजारीशेजारी दोन हायड्रॉक्सिल गट आहेत, एमटीटीत निरुपद्रवी दिसत होते आणि दुसऱ्या पद्धतीत पेशी मारत होते. पेशी न घालता फक्त माध्यम, संयुग आणि एमटीटी एकत्र केले तर वेल जांभळे झाले. संयुग स्वतःच एमटीटीचे क्षपण करत होते आणि मेलेल्या पेशींना जिवंत दाखवत होते. मग ते खरोखर कर्करोगविरोधी आहे का? अशा रचनेचे रेणू पेशींच्या माध्यमात ऑक्सिजनशी विक्रिया होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात, हे माहीत असल्याने आम्ही माध्यमात कॅटॅलेज घातले. हे विकर पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन करते. ते घालताच संयुगाचा विषारीपणा जवळजवळ नाहीसा झाला. पेशी मरत होत्या त्या बाटलीतल्या माध्यमात तयार झालेल्या पेरॉक्साइडने. आधी निष्क्रिय, मग सक्रिय, आणि शेवटी पुन्हा निष्क्रिय असा निर्णय दोनदा फिरला, आणि दर वेळी तो फिरवणारा एकेक साधा कंट्रोल होता.

उरलेल्या पाचांवर एमआरसी-५ या मानवी फुफ्फुसातील निरोगी फायब्रोब्लास्ट पेशींची जोड दिली. चार संयुगांची आयसी-५० कर्कपेशी आणि फायब्रोब्लास्ट यांच्यात दुपटीहून कमी अंतरावर होती. माध्यमात एन-असिटिलसिस्टीन हे गंधकयुक्त संयुग घातल्यावर त्यांपैकी तिघांची क्रिया बोथट झाली, म्हणजे ती दिसेल त्या गंधकाला चिकटणारी संयुगे असण्याची शक्यता बळावली. सेल लाइनची ओळख पटवणारा एसटीआर हा डीएनए आलेख नोंदीशी जुळला आणि पेशींना नकळत दूषित करणारा मायकोप्लाझ्मा हा जिवाणू सापडला नाही. या दोन बाबतीत मूळ कामात काही बिघडलेले नव्हते.

निष्पत्ती

कर्करोगविरोधी क्रियेचा दावा पूर्णपणे मागे घेतला गेला. क्रमांक ७ एवढे एकच संयुग पुढे नेण्याजोगे उरले आणि तेही केवळ जिवाणूंसाठी. ४ मायक्रोग्रॅम म्हणजे त्याच्या बाबतीत सुमारे ११ मायक्रोमोलर. फायब्रोब्लास्टवर १०० मायक्रोमोलरपर्यंत निम्म्या पेशींना बाधा झाली नाही, म्हणजे अंतर निदान नऊ पटींचे. हे समाधानकारक वाटेल, पण ब्रॉथमध्ये ५० टक्के मानवी सीरम घातल्यावर एमआयसी ३२ मायक्रोग्रॅमवर गेली. रक्तातील प्रथिने हे संयुग धरून ठेवतात असा त्याचा अर्थ, आणि मग ते अंतर फारसे उरत नाही. नेहमीच्या ई. कोलायवर ते निष्प्रभ होते, परंतु जिवाणूला नको असलेले रेणू बाहेर फेकण्यास लागणारे टॉलसी जनुक काढून टाकलेल्या वाणावर परिणाम दिसला. संयुग आत शिरते आणि बाहेर फेकले जाते, एवढे त्यातून कळले.

निबंध नव्या शीर्षकाने, एका संयुगाभोवती आणि २१ संयुगांच्या अपयशाच्या तपशिलासह लिहिला गेला. क्रमांक १२ ची कॅटॅलेजची आकृती त्यात मुद्दाम ठेवली. प्रबंध सुमारे पाच महिने लांबला. त्या विद्यार्थिनीला ते जड गेले, हे येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

आज वेगळे काय करता येईल

जिवाणूंच्या बाजूला एक सोय आहे जी पेशींच्या बाजूला नाही. ई. कोलाय एटीसीसी २५९२२ या प्रमाण वाणावर सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाची एमआयसी ०.००४ ते ०.०१६ मायक्रोग्रॅमच्या आत यायला हवी, आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस एटीसीसी २९२१३ वर ०.१२ ते ०.५ च्या आत. आकडा बाहेर गेला तर त्या दिवशीचे सर्व निकाल रद्द करतात. सिसप्लॅटिन आणि एमसीएफ-७ यांसाठी असा सर्वमान्य पट्टा नाही. म्हणून प्रत्येक प्रयोगशाळेने स्वतःचा पट्टा उभा करावा: दर प्लेटवरची प्रमाण औषधाची आयसी-५० एकाच आलेखावर महिनोन्‌महिने लिहीत जावी. या गटाकडे असा आलेख असता तर डीएमएसओची गोष्ट पहिल्या महिन्यातच उघड झाली असती. आता आम्ही तो ठेवतो, आणि प्रमाण औषधाचा द्रावक कोणता व का, यासाठी नोंदवहीत वेगळा रकाना आहे.

चाचण्यांचा क्रमही उलटा होता. शुद्धता आणि विद्राव्यता शेवटी तपासल्या गेल्या, त्या पहिल्या हव्या होत्या. निरोगी पेशी पहिल्याच प्लेटवर हव्या होत्या, आणि दोन्ही तक्ते मायक्रोमोलरमध्ये हवे होते. या बदलांना जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

माझ्या निर्णयांपैकी एक मला बदलावासा वाटतो. सुरुवातीला मी फक्त सिसप्लॅटिनची प्लेट पुन्हा लावून पाहावी असे म्हटले होते, कारण दोष सापडला असे मला वाटत होते. एक दोष सापडला की बाकीचे आपोआप निर्दोष ठरतात, असे मी नकळत धरून चाललो होतो. तसेच, उरलेल्या १६ संयुगांवर पेशींच्या चाचण्या नव्याने झाल्याच नाहीत. परीक्षानळीतील नकार हा नेहमीच अंतिम नसतो, हे प्रोन्टोसिलने १९३५ मध्येच दाखवले आहे. गेरहार्ड डोमाक यांचे ते संयुग नळीत जिवाणूंवर निष्प्रभ होते आणि उंदरांना वाचवत होते, कारण शरीरात त्यापासून सल्फानिलमाइड तयार होत होते. त्या १६ संयुगांबद्दल निबंधात 'निष्क्रिय' ऐवजी 'या परिस्थितीत क्रिया आढळली नाही' असे लिहिले आहे.

क्रमांक ७ चा साठा फेरतपासणीतच संपला, त्यामुळे जिवाणू त्याला किती लवकर दाद देईनासे होतात हे पाहता आले नाही. विद्यार्थिनीने २०० मिलिग्रॅमची नवी खेप तयार केली. एचपीएलसीवर ती ९८ टक्के शुद्ध आहे आणि स्टॅफिलोकोकसवर तिची एमआयसी पुन्हा ४ आली. प्रतिकाराची चाचणी सुरू आहे.